गाड्यावर नाव

निवृत्त माणसाच्या तोंडी काही वाक्यं पेन्शनबरोबरच येतात. 'आमचं काय, पिकलं पान' हे त्यातलं एक. 'गुडघा सोडला तर बाकी ठणठणीत' हे दुसरं. पण या सगळ्यांचा राजा म्हणजे 'आम्हाला कुणावर ओझं व्हायचं नाही' हे वाक्य. पुण्यातल्या कुठल्याही बागेत संध्याकाळी सहा वाजता जा. बाकावर चार जण बसलेले असतील, तर त्यातले तिघे हे वाक्य म्हणत असतात आणि चौथा कानातलं यंत्र घरी विसरून आलेला असतो. वाक्य म्हणताना आवाजात मोठा करारीपणा असतो, हात काठीवर टेकलेला असतो, आणि ती काठी मुलाने आणून दिलेली असते.

हे वाक्य नीतीच्या कसोटीवर कितपत टिकतं, याचा विचार करायला मला पुण्यात कधी सवड झाली नाही. (निवृत्त माणसाला सवड असते, हा नोकरी करणाऱ्यांचा समज आहे.) ती सवड मिळाली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेकीच्या घरच्या गॅरेजमध्ये, एका पीव्हीसी पाइपचं टोक धरून उभा असताना. पाइपचं दुसरं टोक जावईबापूंच्या हातात होतं आणि मधोमध करवत चालू होती. अशा वेळी माणसाला हलता येत नाही, बोललेलं कुणाला ऐकू जात नाही. विचार करण्यावाचून गत्यंतरच उरत नाही. तत्त्वज्ञानाचा उगम बहुधा असाच, कुणासाठी तरी काहीतरी धरून उभं राहण्यातून झाला असावा.

तिथे चाललं होतं ते असं. जावईबापू आपल्या होडीसाठी गाडा करत होते.

मिनेसोटा हे तळ्यांचं राज्य. तिथल्या मोटारींच्या नंबरपाट्यांवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. म्हणजे हे लोक पाटीवर कमी छापतात आणि देतात जास्त. 'चोवीस तास पाणी' अशी जाहिरात देऊन फ्लॅट विकणाऱ्यांच्या शहरातून आलेल्या माणसाला हा प्रकार पचायला वेळ लागतो. हिवाळ्यात ही तळी गोठतात तेव्हा लोक त्यांच्यावरून चालत जातात आणि बर्फाला भोक पाडून मासे धरतात. उन्हाळा आला की घराघरातून होड्या बाहेर निघतात. आपल्याकडे आषाढ लागला की छत्र्या निघतात, तशा.

जावईबापूंची होडी म्हणजे कयाक. ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. वाहून आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं सीलचं कातडं आणि मध्ये एका माणसापुरतं भोक. सांगाड्याची मापं बांधणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावरून घ्यायची. हात पसरले तर किती, मूठ केवढी, कंबर केवढी. म्हणजे ही होडी वाहनापेक्षा कपड्यांच्या जातीची. आणि हलकी इतकी, की वाटेत बर्फ लागलं तर शिकारी ती उचलून चालू लागे. लांबचा पल्ला असला तर घसरगाडीवर बांधून नेई.

जावईबापूंची कयाक मात्र प्लास्टिकची, केशरी रंगाची, बारा फूट लांब आणि पंचवीस किलो वजनाची. कारखान्याने तिची मापं कुणाच्या अंगावरून घेतली कोण जाणे. जावईबापू आत बसले की भरल्या वांग्यातल्या मसाल्यासारखे थोडे बाहेर येतात. हे मी म्हणत नाही. सासऱ्याने असं म्हणायचं नसतं. आमची ही म्हणते.

तळं घरापासून अर्ध्या मैलावर. मोटारीच्या टपावर कयाक बांधायची तर चार पट्टे आवळण्यात अर्धा तास जातो आणि पोचायला दोन मिनिटं लागतात. खांद्यावर न्यायची तर वारा आला की होडीचं नाक पूर्वेला आणि माणसाचं पश्चिमेला. कोपऱ्यावर वळलं की मागचं शेपूट शेजाऱ्याच्या टपालपेटीला थप्पड मारतं. हा सगळा द्राविडी प्राणायाम पाहून आमच्या हिने पहिल्याच दिवशी विचारलं, "एवढ्या मोठ्या देशात एक हमाल मिळत नाही?"

लेक हसली, जावईबापू हसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या प्रश्नात आपल्या मध्यमवर्गाचं अर्धं नीतिशास्त्र आहे.

आपल्याकडे हौस आणि ओझं यांची वाटणी फार पूर्वीच झालेली आहे. हौस एकाची, ओझं दुसऱ्याचं. साहेब शिकारीला निघत तेव्हा बंदूक साहेबाची आणि बाकीचं बिऱ्हाड गावकऱ्यांच्या डोक्यावर. गड चढायची हौस नवऱ्याची आणि पहाटे चारला उठून पुऱ्या लाटायचं काम बायकोचं. गाण्याच्या बैठकीची हौस मालकाची, सतरंज्या गड्याच्या. चाकाचा शोध लागून पाच हजारांहून अधिक वर्षं झाली. पण प्रवासी बॅगेला चाकं लावण्याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं १९७२ साली. माणूस चंद्रावर त्याआधीच, १९६९ साली जाऊन आला होता. कारण उघड आहे. चंद्रावर हमाल नव्हता, स्टेशनवर होता. आणि याच १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. माथ्यावर वाहतो तो माथाडी. त्यालाही रजा असते, फंड असतो, म्हातारपण असतं, हे कागदावर यायला चंद्र गाठण्याइतकाच वेळ लागला. ज्या समाजात दुसऱ्याचा खांदा स्वस्त असतो, तिथे चाक सुचायला उशीर होतो, असा एक सिद्धान्त मी त्या गॅरेजमध्ये मांडला. करवतीच्या आवाजात तो कुणी ऐकला नाही.

खांदा स्वस्त असणं आणि खांदा मिळणं या मात्र दोन निराळ्या गोष्टी. कोकणात होडी वाळूवर ओढून घ्यायची पद्धत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. होडीखाली लाकडं टाकतात, दोर बांधतात आणि वाडीतली माणसं जमतात. हाळी देऊन सगळे एकदम ओढतात. होडी पुढे सरकली की मागून सुटलेलं लाकूड कुणीतरी पळत पळत पुढे आणून टाकतं. ते काम बहुधा पोरांचं, आणि त्यांना तोच खरा खेळ वाटतो. तिथे चाक नाही. जमलेली वीस माणसं हेच चाक. आज ह्याची होडी, उद्या त्याची. कुणी वहीत मांडून ठेवत नाही.

मिनेसोटात अशी वीस माणसं जमत नाहीत. लोक वाईट आहेत असं नाही. रस्त्यात जो भेटेल तो हसून हवामान सांगतो. पण 'जरा हात लावता का' म्हणायचं तर आधी चार दिवस कळवून ठेवावं लागतं, आणि आपली होडी तर आज, आत्ता, ऊन आहे तोवर पाण्यात घालायची असते. मग माणूस गाडा करतो. गाडा हा न आलेल्या चार माणसांचा बदली कामगार आहे.

दुकानात तयार गाडा मिळतो. पण जावईबापू म्हणाले, "बाबा, घरीच करू. त्यात काय आहे?"

त्यात होतं ते असं. सव्वा इंची पांढरे पीव्हीसी पाइप, डझनभर एल्बो आणि टी, जोड चिकटवायला सोल्यूशन, आसासाठी पोलादी सळई, चार वायसर, दोन कॉटर पिना, होडी बांधायला दोन पट्टे, आणि होडीच्या पोटाला ओरखडे पडू नयेत म्हणून पाइपांवर चढवायला फोमची जाड नळी. पोहायला शिकणारी मुलं काखेत धरतात ती. चाकं नातवाच्या जुन्या बाबागाडीची. ती त्याने एका अटीवर दिली. तळ्यापर्यंत होडीत बसवून न्यायचं.

मी उभा जन्म दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात घालवलेला माणूस. सवयीने मी खर्च मांडून पाहिला. पाइप स्वस्त पडले होते. पण पाइप कापायची करवत, भोक पाडायचं यंत्र, ते यंत्र ठेवायची पेटी आणि त्या पेटीसाठी भिंतीवरची फळी धरली, तर तयार गाडे दोन आले असते. जावईबापू म्हणाले, "बाबा, हत्यारं कायमची राहतात. ती यात धरायची नाहीत." हाच युक्तिवाद मी नोकरीत असताना मोठमोठ्या खात्यांकडून ऐकलेला आहे. फरक एवढाच, की इथे खर्च करणारा स्वतःच्या खिशातून करत होता. म्हणून मी शेरा न मारता वही मिटली.

आमच्या लहानपणी गावचा सुतार बाभळीच्या लाकडाचं चाक करायचा. मग लोखंडी धाव लाल होईपर्यंत तापवायची, चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचं. चर्र आवाज होऊन वाफेचा लोट उठे आणि धाव अशी आवळून बसे, की बैल थकतील पण ती निघणार नाही. इथे सोल्यूशन लावून मनातल्या मनात वीस आकडे मोजायचे. तरी चौकट जमिनीवर आपल्या पायांवर उभी राहिली तेव्हा जावईबापूंच्या चेहऱ्यावर त्याच सुताराचं हसू होतं. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला आपण केलेली वस्तू लाथ मारून पाहता येत नाही. ही येत होती. त्यांनी दोनदा मारून पाहिली.

चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला भोक पाडून त्यात कॉटर पिन घालतात. नेमकी एक पिन खाली पडली आणि अंतर्धान पावली. आम्ही तिघे पुरुष गुडघ्यांवर बसून ती शोधत होतो. दारातून ही म्हणाली, "तोवर बोट नका हं घालू कुणी तिथे. कैकेयीने घातलं होतं, पुढे काय झालं माहिती आहे ना?"

ही कथा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. ऐन लढाईत दशरथाच्या रथाच्या चाकाची खीळ निसटली आणि कैकेयीने तिच्या जागी आपलं बोट घातलं. कळा सोसल्या, रथ राखला, राजा वाचवला. इथवर ती बाई वंदनीयच. भानगड आहे ती पुढच्या हिशेबात. राजाने दोन वर देऊ केले. ते तिने तेव्हाच न घेता शिलकेत ठेवले आणि काही वर्षांनी चक्रवाढ व्याजासकट वसूल केले. ओझं पेलण्यात पाप नव्हतं. पावती जपून ठेवण्यात होतं. 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं' हे वाक्य ज्या घरात आठवड्यातून दोनदा ऐकू येतं, त्या घरातला एखादा राम चौदा वर्षांसाठी बंगळूरला निघून गेलेला असतो.

पिन शेवटी नातवाच्या बुटात सापडली.

गाडा झाला. आता तो कयाकच्या पोटाखाली नेमका कुठे बांधायचा, हा प्रश्न उरला, आणि तो वाटतो तितका साधा नाही. अगदी शेपटाला बांधला, तर पुढचं टोक उचलून चालताना निम्मं वजन आपल्या हातात येतं. मग गाडा करून मिळवलं काय? बरोबर मध्यावर बांधला, तर सगळं वजन चाकांवर जातं आणि हातात काहीच उरत नाही. ऐकायला छान वाटतं; पण मग होडी तागडीसारखी होते. जरा खड्डा लागला की नाक जमिनीला घासतं, जरा चढ लागला की आकाशाकडे बघतं. तेव्हा शहाणपण असं, की मध्यापासून वीतभर मागे बांधावा. चाकांवर बावीस किलो, हातात तीन. तेवढं वजन हाताला लागत असलं की होडी आपली राहते.

हे गणित मी कागदावर मांडलं तेव्हा मला आमच्या बागेतला बाक आठवला. मुलं प्रेमाने म्हणतात, "आता तुम्ही काही करू नका, नुसतं बसा." यात ममता आहे, पण पदार्थविज्ञान नाही. हातात काहीच वजन नसलं की माणसाची तागडी होते. सकाळी नाक आकाशाकडे, दुपारी जमिनीला. माणसाला सगळं ओझं नको असतं, पण सगळी सुटकाही सोसत नाही. भाजी निवडणं, नातवाचे पाढे घेणं, विजेचं बिल भरणं अशी दोनतीन किलोंची कामं प्रत्येकाच्या हातात शेवटपर्यंत असावीत.

एवढं सगळं झाल्यावर जावईबापूंनी उत्तरेकडच्या सहलीसाठी नियमांचं पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सरहद्दीला लागून 'बाउंड्री वॉटर्स' नावाचं राखीव अरण्य आहे. हजाराच्या वर तळी. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर मधली जमीन होडी उचलून ओलांडायची. ही अंतरं तिथे अजून 'रॉड' या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनू होडीची लांबी. या अरण्याला अमेरिकेचा १९६४ सालचा अरण्य कायदा लागू आहे, आणि त्यामुळे मोजक्या वाटा सोडल्या तर तिथे होडीला चाकं लावायची बंदी आहे.

दारूबंदी ऐकली होती, नसबंदी ऐकली होती, २०१६ ची नोटबंदी तर रांगेत उभं राहून उपभोगली होती. चाकबंदी हा प्रकार नवा होता. तिकडे कनू खांद्यावर घेता यावी म्हणून तिच्या मध्यावर एक आडवी दांडी असते, मानेसाठी खाच पाडलेली. तिला तिकडच्या भाषेतही जूच म्हणतात. म्हणजे सुशिक्षित माणसं रजा काढून, पैसे भरून, मानेवर जू घेऊन चिखलातून चालतात आणि परत आल्यावर सांगतात, की यंदा फार छान विश्रांती झाली.

याच मुलखात एके काळी फरच्या व्यापाऱ्यांचे नावाडी फिरत. पिजन नदीचे धबधबे टाळण्यासाठी त्यांना साडेआठ मैलांची एक वाट तुडवावी लागे. तिला ग्रँड पोर्टेज म्हणतात. नव्वद पौंडांचा एक, असे दोन गठ्ठे, म्हणजे ऐंशी किलोंच्या वर वजन, एकेकाच्या पाठीवर, आणि त्याचा चामडी पट्टा कपाळावरून घेतलेला. आपण ज्याला कपाळी आलेलं म्हणतो ते हेच. त्या नावाड्यांना कुणी चाक देऊ केलं असतं, तर त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं असतं.

अरण्याचा कायदा मला पटतो. चाक शिरलं की मागोमाग रस्ता शिरतो, रस्त्यामागून टपरी आणि टपरीमागून नगरसेवक. पण त्यामुळे ओझं वाहणं हीच काही पवित्र गोष्ट ठरत नाही. एकादशी आणि उपासमार या दोन्हींत पोट रिकामंच असतं (साबुदाण्याची खिचडी वगळून). फरक एवढाच, की एकादशीला दुसऱ्या दिवशीची द्वादशी ठाऊक असते. जे ओझं खाली ठेवून घरी जाता येतं ते व्रत. ठेवता येत नाही ते नुसतं ओझं. आणि व्रत करायचं तर स्वतःच्या मानेवर करावं, दुसऱ्याच्या नाही. या न्यायाने जावईबापूंचा गाडा आणि उत्तरेतलं जू यांत मला काही भांडण दिसत नाही. दोन्हीकडे हौस ज्याची आहे, ओझंही त्याचंच आहे.

एका शनिवारी मिरवणूक निघाली. पुढे दोर धरून जावईबापू, मागे गाड्यावर स्वार झालेली केशरी कयाक, तिच्या भोकात छत्रपतींच्या थाटात नातू, बाजूला पाण्याच्या बाटल्या घेऊन लेक, आणि सर्वांत मागे आम्ही दोघं. बाबागाडीची चाकं, पूर्वी ज्याला वाहत होती त्यालाच पुन्हा वाहत होती. टपालपेट्यांना धक्का न लागता आम्ही तळ्यावर पोचलो.

तिथे एक नवाच प्रश्न उभा राहिला. होडी पाण्यात गेली. आता गाड्याचं काय? काठावर ठेवावा तर राखायला कोण? आणि पलीकडच्या काठाला उतरलो तर गाडा हवा तिकडे. जावईबापूंनी क्षणभरही विचार केला नाही. पिना उपसल्या, चाकं काढली, चौकट दुमडली आणि सगळं कयाकच्या पाठीवरच्या रबरी दोराखाली खोचून ते पाण्यात गेलेसुद्धा.

होडीच्या पाठीवर बसून गाडा तळं पाहायला निघाला होता, आणि मला एक म्हण डोळ्यांनी दिसत होती. 'कधी गाड्यावर नाव, कधी नावेवर गाडा.' ही म्हण आपल्याकडे दैवाच्या फेऱ्यासाठी वापरतात. आज वर असलेला उद्या खाली, असा तिचा अर्थ सांगतात. पण समोर जे चाललं होतं त्यात वरचा कोण आणि खालचा कोण? जमिनीवर होडीला चालता येत नाही, पाण्यावर गाड्याला. ज्याला जिथे गती आहे तिथे त्याने दुसऱ्याला न्यायचं, एवढा साधा करार. त्यात उपकार नाहीत, पावती नाही, आणि खाली मान घालणंही नाही.

भगवान बुद्धांनी तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. तराफा करून एक माणूस नदी पार करतो. पलीकडे गेल्यावर, याने मला तारलं म्हणून तराफा डोक्यावर घेऊन तो चालू लागला, तर ते शहाणपणाचं होईल का, असं त्यांनी भिक्षूंना विचारलं. नाही, तो काठावर ठेवावा किंवा पाण्यात सोडून द्यावा आणि पुढे जावं. धर्मसुद्धा असाच, पार होण्यासाठी आहे, कवटाळण्यासाठी नाही. या दृष्टान्तापुढे बोलायची माझी प्राज्ञा नाही. एवढंच मनात येतं, की त्या माणसाला पुन्हा अलीकडे यायचं नव्हतं. संसारी माणसाला रोज जेवायच्या वेळेला अलीकडे यावं लागतं. त्याला तराफा सोडता येत नाही आणि डोक्यावरही घेता येत नाही. त्याच्यासाठी तिसरा मार्ग म्हणजे हा गाडा.

आता 'कुणावर ओझं व्हायचं नाही' या वाक्याचं बघू. आम्ही निघालो तेव्हा लेकीने आमच्या तिकिटांवर व्हीलचेअर लिहून घेतली होती. मुंबईच्या विमानतळावर अमेरिकेला निघालेल्या आईबापांची व्हीलचेअरवर जी रांग लागते, ती पाहण्यासारखी असते. त्यातले कित्येक आदल्या दिवशी मसाला आणि मेतकूट गोळा करत दादरमध्ये चार तास पायी हिंडलेले असतात. पण परमुलखातल्या विमानतळावर, परभाषेत, एका दरवाजावरून दुसऱ्या दरवाजावर धावायचं म्हणजे होडी वाळूवर येण्यासारखंच. मी बसलो. खुर्ची ढकलणाऱ्या मुलीला हिने डब्यातली नारळाची वडी दिली, तिने तिच्या आईचे गुडघे कसे आहेत ते सांगितलं, आणि आम्ही विमानापर्यंत पोचलो. माझा कणा मोडला नाही.

लेक चार वर्षांची असताना नवरात्रात मी तिला खांद्यावर बसवून चतुःशृंगीच्या जत्रेला नेत असे. 'मला कुणावर ओझं व्हायचं नाही' असं तिने एकदाही म्हटल्याचं आठवत नाही. ती माझे केस लगामासारखे धरून आरामात फुगे बघत असे, आणि मलाही ते ओझं वाटत नव्हतं. घाम येत होता, एवढंच. ओझं होण्यात जर अपमान असता, तर सगळं मनुष्यजीवन अपमानानेच सुरू झालं असतं. तेव्हा बाकावरचं ते वाक्य दिसतं तितकं विनम्र नाही. आपण वाहिलं ते प्रेम आणि दुसऱ्याने आपल्याला वाहिलं तर ते उपकार, असा त्यात एक अहंकार दडलेला आहे. आणि मुलांना हे वाक्य रोज ऐकवणं, हे बारा फुटी कयाकपेक्षा जड ओझं आहे.

तरीही गाड्याकडून एक शिकण्यासारखं आहे. त्याला होडीवर जागा मिळाली ती त्याची घडी होते म्हणून. न दुमडणारा गाडा कितीही गुणी असला तरी होडीला कलंडवील. ज्याला पुढे वाहून घ्यायचं आहे त्याने वेळेवर घडी व्हायला शिकावं. म्हातारपणी आपल्यातलं काय काय दुमडता येईल, याची मी तळ्याकाठी बसून यादी केली. 'आमच्या वेळी'ने सुरू होणारी वाक्यं. सबंध सोफाभर पसरलेलं वर्तमानपत्र. नातवाच्या मराठी उच्चारांवरचे शेरे. फोडणीत मोहरी आधी की जिरं, याबद्दलची मतं. अभिमानसुद्धा दुमडता येतो, पण तो सोल्यूशन लावून बसवलेला असतो. तिथे करवत लागते.

यादी मी हिला दाखवली. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली, कागदाची व्यवस्थित चौपदरी घडी घातली आणि म्हणाली, "छान आहे. पण दुमडायच्या आधी चाकं काढावी लागतात ना? मग पहाटे साडेपाचला सपाता फटफटवत घरभर जे फिरता, तिथून सुरुवात करा."